ठाणे-नवी मुंबईला संस्कृती नाही म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

तो मेसेज परत फिरायला लागलाय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, भजनी मंडळाच्या ग्रुपवर पण आला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. त्याचं म्हणणं असं की पुण्याला संस्कृती आहे, कोल्हापूरला आहे, नागपूरला आहे, पण ठाणे-नवी मुंबईला स्वतःचं असं काहीच नाही. नवी मुंबई रिकाम्या जागेवर वसवली, इथे सगळे बाहेरून आलेले, फक्त इथेच मिळतं असं काही नाही, बोली नाही, जुनं काही नाही आणि सण म्हणजे नुसता डीजे. आणि इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली माणसं त्याला अंगठा देऊन पुढे पाठवतायत, याचं मला जास्त वाईट वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

आधी ती रिकाम्या जागेची गोष्ट, कारण बाकी सगळं तिच्याच जोरावर बोललं जातं. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, 17 मार्च 1970 ला स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या 95 गावांची जमीन ठरली. पंच्याण्णव गावं असलेली जागा रिकामी कशी काय? लोकलमध्ये बसलात की ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, नेरूळ ऐकू येतं ना, ती सगळी गावंच आहेत आणि गावठाणं अजून आहेत, सेक्टरच्या मागच्या गल्लीत शिरलात की लगेच लागतात. इथे मिठागरं होती, भातशेती होती, मासेमारी होती. सरकारी नकाशावर मोकळं दिसलं म्हणजे तिथे कोणी राहत नव्हतं असं होत नाही.

आणि एक गोष्ट तर मला आवर्जून सांगायचीय. नवी मुंबईच्या प्लॅनिंगचं कौतुक करताना लोक धारण तलाव सांगतात, डच पद्धत म्हणतात. वाशी-बेलापूरकडचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहे, त्यामुळे भरती आली की झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तळ्यात साठतं आणि ओहोटी लागली की खाडीत सुटतं. चांगलीच सोय आहे, वाद नाही. पण याच खाडीकाठी खारी जमिनीत भात पिकवणारे आगरी शेतकरी पिढ्यान् पिढ्या हेच करत आलेत! खाडीच्या बाजूने मातीचा बांध, बांधात उघाडी म्हणजे पाणी सोडायचं दार, भरतीला बंद आणि ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर. बांधाला खांड पडली, म्हणजे तो कुठे फुटला, की खारं पाणी आत घुसायचं, आणि एकदा जमिनीत मीठ बसलं की ते पावसाने धुऊन जाईपर्यंत पीक नीट येत नाही, म्हणून खांड पडल्याचं कळलं की आख्खं गाव चिखल आणि दगड घेऊन बांधावर जायचं, रात्र असो नाहीतर पाऊस असो, शेत कोणाचं हे कोणी विचारत नसे कारण पाणी काय एकाच शेतात थांबत नाही. ही एकत्र उभं राहायची सवय तिथून आलीय असं माझं ठाम मत आहे. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात जासईच्या परिसरात सरकारने घेतलेल्या जमिनीच्या भावासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या मागे गावंच्या गावं उतरली, गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले, आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत मिळायचा हक्क या लढ्यातून मिळाला. आज इथल्या कुठल्याही गावात लहान पोराला विचारा, साडेबारा टक्के म्हणजे काय ते त्याला माहीत असतं. ही आठवण पुण्याला किंवा नागपूरला नाही, कारण तो प्रसंग तिथे आलाच नाही.

आता "फक्त इथेच मिळतं असं एक तरी दाखवा" हा प्रश्न. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. वस्तू सगळीकडे जातात, वारली चित्रं आता कपावर आणि पडद्यावर पण असतात, मिसळ तर प्रत्येक शहरात मिळते (मामलेदारची मिसळ मला आवडतेच, पण ठाण्याची ओळख तिच्यावर टांगून ठेवायची गरज नाही). वेगळेपण बघायचं तर ती वस्तू कोणत्या कामातून आली, कधी करायची, कोणी करायची आणि नाही केली तर कोणाचं अडतं हे बघावं लागतं, आणि ते एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

उदाहरण देते. आमच्या बाजारात मासे विकायला बसणाऱ्या मावशी आहेत. एकदा टोपली अर्धीच होती म्हणून विचारलं तर म्हणाल्या, आज भांग आहे, मावरं कमीच असणार. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त, आणि अष्टमीच्या आसपास भांग, ओढ कमी त्यामुळे जाळ्यात पण कमी. आणि भरतीची वेळ काढायला त्यांना मोबाइल लागत नाही, तिथीला पाऊणने गुणायचं, जुन्या लोकांना पाउणकी म्हणजे पाऊणचा पाढा पाठच असायचा. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. एकादशीला सव्वाआठच्या सुमाराला. मिनिटाला मिनिट जुळत नाही, खाडीत आत जाल तसा उशीर होतो, पण होडी कधी काढायची ते ठरवायला पुरतं. म्हणजे जी एकादशी माझ्या घरी उपासाची, तीच त्यांच्या घरी पाण्याची वेळ पण सांगते. कॅलेंडर एकच, भिंतीवरचं, फुकट मिळालेलं. हे मला कुठल्या वस्तुसंग्रहालयात दाखवता येणार नाही, पण खाडीकाठच्या कोळीवाड्यांत ते रोज वापरलं जातं.

खाण्याचंही तेच. निवट्या, खुबे, कालवं, चिंबोऱ्या, हे सगळं खाडीच्या चिखलाचं आणि खडकाचं खाणं आहे, ओहोटीला जाऊन हाताने काढायचं. हिवाळ्यात पनवेलच्या बाजूला पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वरून परत पाला दाबायचा, मडकं उपडं करून गवत-काटक्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब घालत नाहीत. आता रिसॉर्टवाले पण पोपटी देतात, देऊ देत, पण वालाच्या शेंगा भरल्या की शेताच्या कडेला चार घरं जमणं हा त्यातला अर्धा भाग आहे आणि तो प्लेटमध्ये येत नाही.

सगळे बाहेरचे? बरं, मग बाहेरचे किती वर्षांनी आतले होतात ते मेसेजवाल्यांनी सांगावं. ठाण्यात टेंभीनाक्याला 1879 चं ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. हे बेने इस्रायली लोक, घरात मराठी बोलणारे, आडनावं कोकणातल्या गावांवरून, कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांचा मलिदा म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं, सुकामेवा आणि फळं, प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने. पोहे-खोबरं घालून ज्यू प्रार्थना, हे बाहेरचं की इथलं? आणि त्याच टेंभीनाक्यावर नवरात्रात देवीला केवढी गर्दी असते ते ठाणेकरांना सांगायला नको.

नवी मुंबईत बघा. घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने मुंबईतून तुर्भ्याला हलला आणि त्याच्यामागे माथाडी, म्हणजे ओझी वाहणारे कामगार, आले, सातारा-सांगलीकडचे, घणसोली-कोपरखैरण्याला राहायला लागले. अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली ती चळवळ, तो 1969 चा माथाडी कायदा, टोळी, मुकादम, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) हे सगळं त्यांच्या घरात रोजचं बोलणं आहे. पहाटे बाजारात जाऊन एकदा बघा, पन्नास-पन्नास किलोची गोणी पाठीवर घेणारा माणूस आणि त्याच्या मागचा-पुढचा यांचा ताल कसा जुळलेला असतो. गावची जत्रा आली की ही मंडळी गावाला जातात हे खरं, पण मुलं इथल्या शाळेत, दोस्त आगरी-कोळी, आणि त्या मुलांची भाषा ऐका, सातारी हेल आणि आगरी शब्द एकाच वाक्यात येतात. अशी भाषा साताऱ्यात पण ऐकू येणार नाही.

बोली नाही म्हणणाऱ्यांचा तर मला राग येतो. आगरी बोलीत गाडीची गारी होते, पाण्याचं पानी, डोळ्याचा डोला, आणि याच उच्चारांवरून शाळेत पोरांना हसलं जायचं, "नीट बोल" म्हणून दटावलं जायचं. पोरं मग घरी एक आणि बाहेर एक बोलायला शिकली. आधी त्या बोलीला हसून तोंड बंद करायचं आणि मग यांना बोलीच नाही म्हणायचं, हे बरोबर नाही.

जुनं काही नाही हा मुद्दा लगेच संपतो. 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्यालाच आली. मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे जुना किल्ला, 1737 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला, आणि तिथेच 19 एप्रिल 1910 ला क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी गेले. तलावपाळीला भेळ खाताना कौपिनेश्वराच्या जुन्या देवळाकडे पाठ करून बसायचं आणि इथे जुनं काही नाही म्हणायचं, याला काय उत्तर देणार.

राहिला डीजे. आगरी हळदीवर सगळ्यात जास्त बोललं जातं, आवाज, सोनं, गाड्या. आवाजाचा त्रास मलाही होतो, ते नाकारत नाही. पण त्याच हळदीच्या मांडवात जरा आत गेलात तर काही घरांत अजून धवलारीण बसलेली दिसेल. आगरी लग्नात धवले गाणारी बाई. मांडव घालण्यापासून हळद लावण्यापर्यंत प्रत्येक विधीचं गाणं वेगळं, कागदावर काही नाही, सगळं तोंडपाठ, आणि पूर्वी तर लग्नही तीच लावायची, भटजीची गरज नसायची. एका बाईच्या गळ्यावर आख्खं लग्न चालायचं! बाहेर बेंजो चालू असतो म्हणून आपल्याला ते ऐकू येत नाही, पण ऐकू येत नाही म्हणजे नाहीच असं कसं म्हणता?

मात्र धवलारणी कमी होत चालल्यात हे खरं आहे, आणि याची काळजी मला त्या मेसेजपेक्षा जास्त वाटते. म्हणून ज्यांच्या घरात, शेजारात अशी आजी आहे त्यांनी फोनवर तिचं गाणं रेकॉर्ड करून घ्या. नुसतं गाणं नको, ते कोणत्या विधीचं, त्या वेळी कोण कुठे बसतं, कोणाच्या हातात काय असतं, कोणी कोणाला हळद लावायची हे पण तिलाच विचारून तिच्याच आवाजात घ्या, आणि तिची बोली सुधारायला जाऊ नका.