प्लेगवर संशोधन करायचंय? आधी लग्न उरकून घ्या

मुंबईतल्या प्लेगवर पीएचडी करायचं मनात आहे? छान. फक्त घरच्यांना नीट कल्पना द्या आणि लग्नबिग्न आधीच उरकून घ्या.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा रुग्ण ओळखला. ऑक्टोबरात जीवाणुतज्ज्ञ हाफकिनसाहेब मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःलाच टोचून घेतली. चार महिन्यांत रोग सापडला, लस निघाली, टोचूनही झाली! असल्या उतावळ्या माणसाचा जुन्या सरकारी कागदांच्या दफ्तरात, म्हणजे अभिलेखागारात, आठवडाभरही निभाव लागला नसता.

पहिल्या दिवशी गाइडचं पत्र, आधार कार्ड, दोन फोटो आणि पेन्सिल घेऊन जा. पेन आत चालत नाही, कागदावर शाई सांडेल म्हणून. छतातून पाणी सांडतं ते वेगळं, ते सरकारी असतं.

मग हव्या असलेल्या कागदांची मागणी चिठ्ठी भरा. ती यथावकाश परत येईल, शेरा: 'वर्गीकरण चालू'. कधीपासून, हे विचारू नका. मी विचारलं होतं. टेबलामागच्या काकांनी चष्मा पुसत पुसत मलाच विचारलं, "विषय १८९६ चा ना? मग आत्ताच कसली घाई?" यावर उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

काकांवर मात्र चिडू नका. एकेक कागद झटकायचा, त्यातलं आम्ल काढायचं, विरलेल्याला टिश्यू लावायचा, मोडीत असेल तर वाचणारा शोधायचा, मग कुठे सूचीत नोंद. काम खरोखरच सावकाशीचं आहे. ते करायला माणसं किती, हे विचारायची सोय नाही. रिकाम्या खुर्च्या मोजा. कागद खाणारी कसर मात्र पूर्ण संख्येने हजर असते. तिला ना गाइडचं पत्र लागतं, ना मोडी अडते.

आणि हो, इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद १९३० ते १९३४ मध्ये ४५ खंडांत छापून काढले, हा दाखला तिथे चुकूनही देऊ नका. चहा मिळायचा बंद होतो.

तुमच्या अर्जाची पोच तेवढी जपा. २५ वर्षांहून जुने, कायम राखायचे कागद अभिलेखागाराकडे धाडावेत, असं केंद्राचा १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा सांगतो. तुमच्या अर्जालाही कधीतरी तो मान मिळेल. तो बघायचा असेल तर मागणी चिठ्ठी आजच टाकून ठेवा.