नाथ पैंचं विधेयक आणि आप्पांची नोटीस

बेळगावातल्या शहापूरच्या नाथ पै चौकातून माझी रोज दोनदा ये-जा असते. परवा मागं बसलेल्या पोरानं विचारलं, "बाबा, नाथ पै म्हणजे कोण?" मी म्हटलं, "बॅरिस्टर होते. सीमाभागासाठी लढले." तेवढ्यात पुढचा टेम्पो हलला आणि उत्तर तिथंच संपलं. घरी आल्यावर मलाच कसंतरी झालं. दर १७ जानेवारीला, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, हुतात्मा चौकात उभा राहणारा माणूस मी, आणि मला एवढंच सांगता यावं?

त्यांच्या शेवटाची गोष्ट आपल्याकडं सगळ्यांना पाठ आहे. १७ जानेवारी १९७१ ला हुतात्म्यांना वंदन करायला ते बेळगावात आले, बोलले, आणि त्याच रात्री हृदयविकारानं गेले. वय अवघं ४८. पण १९५७ पासून तीनदा राजापुरातून निवडून गेलेल्या या माणसानं दिल्लीत काय केलं, ते आपल्या एकाही भाषणात येत नाही. म्हणून आज जरा लांबडं लिहितोय. वेळ असेल तर वाचा, नसेल तर लाईक करून पुढं जाऊ नका, नंतर वाचा.

फेब्रुवारी १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टानं गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. ११ न्यायाधीश, सहा विरुद्ध पाच. निकाल असा की, घटनेतल्या मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती संसदेला करता येणार नाही. सरकार विचार करत बसलं. नाथ पै विरोधी बाकावरचे, प्रजासमाजवादी पक्षाचे. दोन महिन्यांच्या आत त्यांनी खासगी विधेयक आणलं: घटनेच्या कुठल्याही भागात दुरुस्ती करायचा अधिकार संसदेला आहे, हे घटनेतच स्पष्ट लिहा. मुद्दा साधा होता. सत्ता लोकांची असेल, तर लोकांनी निवडलेल्या सभागृहाला स्वतःची घटना सुधारता आली पाहिजे. एका मतानं बहुमत झालेल्या कोर्टानं ते दार कायमचं बंद करू नये.

खासगी विधेयकाची गत काय असते? शुक्रवारी दुपारनंतरचे अडीच तास, अर्धी बाकं रिकामी, खासदार गावाकडच्या गाडीच्या घाईत. स्वातंत्र्यापासून आजवर अशी १४ विधेयकं कायदा झाली, त्यातलं शेवटचं १९७० मधलं. नाथ पैंचं त्यात नाही. पण ते कुणी हसण्यावारी नेलं नाही. संयुक्त समितीकडं गेलं, तिथं घासून-तपासून परत आलं, सभागृहात कडाक्याचं भांडण झालं. त्यांच्याच बाजूच्या बाकांवरून त्यांना विरोध झाला. हक्क संसदेच्या हातात द्यायचे म्हणजे मांजराला दुधाची राखण, असं म्हणणारेही लोकशाहीवादीच होते. साडेतीन वर्षं ते विधेयक जिवंत राहिलं. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा बरखास्त झाली आणि त्याबरोबर तेही गेलं. तीन आठवड्यांनी नाथ पै गेले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात २४ वी घटनादुरुस्ती अमलात आली, जवळपास त्यांचंच म्हणणं घेऊन.

आता माझं मत सांगतो. रागवायचं तर रागवा. मी त्या लोकसभेत असतो तर नाथ पैंच्या विरोधात मत दिलं असतं.

कारण पुढं काय झालं बघा. राजापुरातून त्यांच्या जागी मधु दंडवते निवडून आले. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली तेव्हा ते संसदीय समितीच्या कामासाठी बेंगळूरला आले होते. कायद्याच्या कामासाठी आलेला खासदार तिथंच पकडला गेला. विरोधक तुरुंगात असताना त्याच संसदेनं ४२ वी दुरुस्ती करून घटना हवी तशी वाकवली. नाथ पैंनी ज्या संसदेवर भरवसा ठेवला, ती हीच होती. तरी सगळं हातचं गेलं नाही, कारण एप्रिल १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात १३ पैकी सात न्यायाधीशांनी सांगितलं होतं: दुरुस्ती करा, पण घटनेची मूळ चौकट मोडायची नाही. म्हणजे नाथ पैंचं निम्मं टिकलं. आणि गंमत बघा, हे केशवानंद कुठले? कासरगोडच्या एडनीर मठाचे. सीमावादासाठी नेमलेल्या ज्या महाजन आयोगानं बेळगाव महाराष्ट्राला दिलं नाही, त्यानंच कर्नाटकाला देऊ केलेलं आणि केरळनं न सोडलेलं कासरगोड. म्हणजे तेही सीमाभागातलेच, फक्त तिथं आपल्यासारखी अवस्था कन्नड लोकांची आहे.

हे सगळं मला आत्ता का आठवलं? आप्पांच्या नोटीशीमुळं.

काही वर्षांपूर्वी एका रस्त्यासाठी आमच्या शिवारातली पट्टी जाणार, असा कागद आला. बासमतीचं रान. भात निघालं की मसूर. आप्पांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि माझ्यापुढं ठेवला. कन्नड मला येतं. बाजारात, बसमध्ये कुठं अडत नाही. पण ते सरकारी कन्नड, त्यात कायद्याची कलमं. दोनदा वाचून एवढंच कळलं की हरकत घ्यायला २१ दिवस आहेत. आप्पांनी विचारलं, "आजपासनं?" आजपासनं नव्हे. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात ते दिवस अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. आमचे बहुतेक आधीच उडाले होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांची तपासणी आहे, जनसुनावणी आहे. आम्हाला वाटलं, ती होईल. मग एका वकिलानं समजावलं की तो भाग महामार्गाच्या संपादनाला लागू नाही. मोबदल्याचा भाग तेवढा लागू. विचारायचा भाग नाही.

तरी आप्पांनी स्वतःच्या अक्षरात दीड पान मराठीत लिहून काढलं आणि आम्ही कचेरीत गेलो. खिडकीतल्या माणसानं वर न बघता कागद परत सरकवला. "कन्नडदाग बरकोंड बर्री." म्हणजे कन्नडमध्ये लिहून आणा. आप्पांनी कागदाची चार घडी घातली, खिशात ठेवली आणि बाहेर येऊन म्हणाले, "चल, चहा घेऊया."

घटनेचं ३५० वं कलम मला त्या दिवशी माहीत नव्हतं. गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं, असं त्यात लिहिलंय. खिडकीपाशी मला हे माहीत असतं तर? कदाचित काही झालं नसतं. पण कागद तरी घ्यावा लागला असता.

कायदा करताना लोकांना विचारायचं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. २०१४ मध्ये केंद्रानं धोरण केलं की विधेयकाचा मसुदा ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. ते धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळं पाळलं तर पाळलं. १५ व्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समितीकडं गेली होती, १७ व्या लोकसभेत १६ टक्के. शेतीचे तीन कायदे मागं घेतले, तेसुद्धा चर्चेविना, दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी. विरोधी खासदाराच्या एका विधेयकावर साडेतीन वर्षं घालवणारी संसद बघितलेल्या नाथ पैंना हे सांगितलं असतं, तर ते काय म्हणाले असते कोण जाणे.

आणि आपलं काय? दर डिसेंबरात आपल्या बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. आपण महाराष्ट्र एकीकरण समितीच्या, म्हणजे सीमाभागातल्या मराठी माणसांच्या संघटनेच्या, महामेळाव्याला परवानगी मिळणार का, यावर महिना घालवतो. आत कुठली विधेयकं येणार, हे आपल्यातल्या किती जणांनी कधी बघितलंय? कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत नीट बोलता येत नसेल तर आमदाराला अध्यक्षांच्या परवानगीनं मातृभाषेत बोलता येतं, हे २१० व्या कलमात आहे. पण २०१८ ला समितीचा एकही आमदार नाही, २०२३ ला एकही नाही. हे पाप सगळं कर्नाटक सरकारच्या माथी मारता येणार नाही. तीन गट, चार उमेदवार, हे आपणच केलं. निवेदन द्यायचं, फोटो काढायचा, पेपरात आलं की झालं. नाथ पैंच्या फोटोला हार घालणारे हात मला माहीत आहेत, माझेही त्यात आहेत.

तर येत्या रविवारी सकाळी दहाला आम्ही पाच-सहा जण आमच्या गल्लीतल्या मंदिरात बसणार आहोत. भाषण नाही, हार नाही. ज्यांच्याकडं जमिनीच्या, घराच्या, पाटीच्या, कसल्याही न कळलेल्या नोटीसा पडून आहेत, त्यांनी घेऊन या. कन्नड चांगलं वाचणारे दोघे येणार आहेत, त्यातले एक कन्नड शाळेचे निवृत्त मास्तर, त्यांनी स्वतःहून येतो म्हटलंय. आप्पांचा तो चार घडीचा कागदही आणतोय. त्याच्यावर तारीख घातलेलीच नाही, हे मला काल दिसलं.