हनोईच्या फूटपाथवरून स्वारगेटकडे पाहताना

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट एसटी स्थानकात, पहाटे, उभ्या असलेल्या शिवशाहीत एका तरुणीवर बलात्कार झाल्याची बातमी आली. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर दोनच सूर होते. आत्या म्हणाली, "इतक्या पहाटे पोरीनं एकटीनं निघायचंच कशाला?" काका माझ्याकडे वळले, "तुमच्या सिंगापूरसारखे फटके द्यायला पाहिजेत. चौकाचौकात कॅमेरे पाहिजेत."

आत्याचं म्हणणं मला मुळातच मान्य नाही. गावाकडची गाडी पहाटेच सुटत असेल तर माणूस पहाटेच स्टँडवर जाणार. काकांचं म्हणणं जास्त गंभीरपणे घ्यायला हवं, कारण मी खरोखरच सिंगापूरला राहते आणि मध्यरात्री बिनघोर घरी चालत येते. तिथला कायदा कडक आहे, कॅमेरे आहेत, हे खरं. पण कॅमेरे स्वारगेटलाही होते. आरोपी ओळखायला ते उपयोगी पडले, त्या मुलीला वाचवायला नाही. आणि सिंगापूर हे एक छोटं, श्रीमंत बेट आहे. तालुक्यातालुक्याच्या स्टँडवर ती व्यवस्था कोण आणि कुठल्या पैशानं उभी करणार?

मला पटलेलं उत्तर सिंगापुरात नाही, व्हिएतनाममध्ये दिसलं. तिथे मी एकटीच गेले होते. चीनच्या सीमेजवळच्या लाओ काईहून रात्रीच्या रेल्वेनं निघाले आणि राजधानी हनोईला उतरले तेव्हा उजाडायचं होतं. हॉटेल उघडायला वेळ होता, भाषेचा एक शब्द येत नव्हता, पाठीवर सामान. स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्यांनी गराडा घातला. तेवढ्यात वाफाळत्या चिकट भाताची टोपली घेऊन बसलेली एक बाई त्यांच्यावर ओरडली, तिनं मला हातानं खुणावलं आणि शेजारचं बुटकं प्लास्टिकचं स्टूल पुढे सरकवलं. मी बसले, केळीच्या पानावरचा भात खाल्ला. तिच्या पलीकडे पावाची गाडी लावलेली बाई होती, समोर चहाची किटली घेऊन एक आजी. उजाडेपर्यंत मी तिथेच होते आणि मला एक क्षणही भीती वाटली नाही. आसपास पोलीस होता का, हे मला आठवतसुद्धा नाही.

पुढे सगळीकडे हेच पाहत गेले. हनोईतल्या होआन किएम तळ्याकाठी पहाटे पाच वाजता बायकांचे घोळके गाणी लावून व्यायाम करत असतात. तिथलाच लाँग बिएनचा घाऊक फळबाजार मध्यरात्रीनंतर भरात येतो आणि तिथे हातगाड्या ओढणाऱ्यांत बायका भरपूर. मध्य व्हिएतनाममधल्या ह्युए शहराला जाणाऱ्या रेल्वेत सहा बर्थच्या डब्यात बाप्ये, बायका, पोरं एकत्र झोपतात. रात्री अकराला फोच्या, म्हणजे नूडल घातलेल्या सूपच्या, हंड्यामागे बाई, गिऱ्हाइकांतही बाया. अशा रस्त्यावर एकटी बाई नवलाची राहत नाही, आणि नवलाची नसली की तिच्याकडे कुणी वळून बघत नाही.

भारतात २०२३-२४ च्या सरकारी श्रमशक्ती पाहणीनुसार शहरांतल्या पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या फक्त २८ टक्के आहेत. व्हिएतनाममध्ये दहापैकी सहाहून जास्त जणी कामात असतात. आपल्या शहरांत रात्रीचा रस्ता पुरुषांचाच असतो, याचं एक मोठं कारण या आकड्यात आहे.

याचा अर्थ व्हिएतनाम बायकांचा स्वर्ग आहे, असं मी मुळीच म्हणत नाही. तिथल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दर तीन विवाहित स्त्रियांमागे जवळपास दोघींनी नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक, मानसिक, लैंगिक किंवा आर्थिक छळ किंवा जाचक नियंत्रण सोसल्याचं सांगितलं. रस्ता सुरक्षित, घर नाही. हो ची मिन्ह सिटीत मोटारसायकलवरून येऊन पर्स हिसकावणारे आहेत. मीही पिशवी रस्त्याच्या बाजूला कधी धरली नाही. शिवाय फूटपाथवरच्या या बाया हौसेनं बसलेल्या नसतात. हनोईत फेरी करणाऱ्या कितीतरी जणी लाल नदीच्या खोऱ्यातल्या खेड्यांतून येतात, भाताच्या लावणी-कापणीला परत जातात, शहरात एका खोलीत अनेक जणी मिळून राहतात आणि पोरं गावी आजीपाशी असतात. सरकारलाही त्या नकोच असतात. हनोईनं २००८ मध्ये साठाहून जास्त रस्त्यांवर त्यांना बंदी केली. हो ची मिन्ह सिटीत २०१७ मध्ये फूटपाथ मोकळे करायची मोठी मोहीम निघाली. त्या पुन्हा येऊन बसल्या. सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाबाहेर राजकारण करायला जिथे जागा नाही, त्या देशात एवढी चिकाटीसुद्धा मला फार मोठी वाटते.

म्हणून मला आपल्याकडचे दोन वाद एकच वाटू लागले आहेत. मुंबई-पुण्यात एकीकडे महिलांच्या सुरक्षेवर चर्चा होते आणि दुसरीकडे, बहुधा त्याच लोकांकडून, 'फेरीवाले हटवा' अशी मागणी होते. चालायला जागा हवी, हे मान्यच. पण स्टेशनबाहेरची भाजीवाली, गजरेवाली, वडापावची गाडी उठली की तिथे उरतो तो अंधार आणि रेंगाळणारे पुरुष. दादरच्या फूलबाजारात पहाटे चारला जाऊन बघा. तिथे बाईमाणूस निर्धास्त वावरतं, कारण तिथे जाग असते, कामाची गर्दी असते. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ पासून आहे. नगर पथविक्रेता समित्या, सर्वेक्षण, ठरवून दिलेल्या जागा, सगळं त्यात लिहिलंय. महापालिका ते मनापासून अमलात आणत नाहीत, एवढंच.

आपल्या सरकारनं एक गोष्ट मात्र फार चांगली केली आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. 'फुकटेगिरी' म्हणून या सवलतीची टिंगल करणारे मला इथे सिंगापूरच्या मराठी मंडळींतही भेटतात आणि मी त्यांच्याशी दरवेळी भांडते. ज्या बाईला माहेरी जायलाही घरातून पैसे मागून घ्यावे लागत, ती आता स्वतः तिकीट काढून गाडीत बसते. गाडीत बायका वाढल्या की गाडी सुरक्षित होते, मला व्हिएतनाममध्ये दिसलं ते हेच.

गाडी झाली, आता स्टँडचं बघायला हवं. मोठ्या स्थानकांवर चहा-नाश्त्याचे गाळे महिला बचत गटांना द्या, रात्रभर चालवायच्या अटीवर, आणि भाडं नाममात्र ठेवा. शेजारी उजेडातलं, पाणी असलेलं स्वच्छतागृह हवं. त्या बायकांची कामाची वेळ संपल्यावर त्यांना घरी सोडायची सोय महामंडळाच्याच गाडीतून करता येईल. कॅमेरे लावायचे असतील तर तेही लावा. आत्या म्हणेल, रात्रभर स्टँडवर बसायला बायका मिळतील कुठून? पहाटे तीनला उठून टेम्पोतून भाजी घेऊन मंडईत येणाऱ्या बायका आजही आहेत. त्यांना विचारा.