कॉलनीचं फायर पथक काढताय? आधी टी-शर्ट छापा

देशभरातले फायर ऑफिसर शिकायला नागपुरात येतात. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1956 साली रामपूरला निघालं आणि पुढच्याच वर्षी इथे आलं. त्याच 1957 मध्ये नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय महाविद्यालयही इथेच सुरू झालं. म्हणजे आग आणि बचाव हे दोन्ही विषय नागपूरकरांच्या अंगातच आहेत, वेगळं शिकायची गरज नाही. तेव्हा कॉलनीचं स्वयंसेवी फायर-रेस्क्यू पथक काढायचं ठरलंच असेल, तर भाऊ, आधी टी-शर्ट छापून घ्या. नारिंगी, आणि पॉलिस्टरचेच. स्वस्त पडतात, आणि आगीजवळ गेलं की वितळून अंगाला असे चिकटतात की पथक सोडून जायचं कोणी म्हणणार नाही. सुती कपडे जुन्या वळणाच्या लोकांसाठी.

टी-शर्टनंतर एक्स्टिंग्विशर. एबीसी पावडरचं 6 किलोचं लाल नळकांडं जिन्यात टांगलेलं असतंच. त्याच्या मानेशी आतला दाब दाखवणारं एक छोटं घड्याळ आहे; काटा हिरव्यात हवा म्हणतात. तुमचा लाल पट्ट्यात गेला असेल, तर लालावर लाल शोभूनच दिसतं. वापरायची रीत फार सोपी सांगतात: पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, मूठ दाबा, डावी-उजवीकडे फिरवा, आणि बाहेर जायची वाट पाठीमागे ठेवा. तुम्ही मात्र ज्वाळेच्या शेंड्यावर मारा, फोटोत तेच छान येतं. सगळी पावडर पंधरा-वीस सेकंदांत संपते, म्हणून पहिले दहा सेकंद ‘व्हिडिओ सुरू आहे का बे?’ हे विचारण्यात घालवले तरी चालतात.

आता जिना. जुलै लागला की कूलरचं काम संपतं आणि घरात तर जागा नसते. मग तो ताटीसकट जिन्याच्या वळणावर ठेवा, मार्चपर्यंत. आत वुडवूल असतं, म्हणजे लाकडाचा केसासारखा बारीक कीस, आठ महिने सुकलेला. चूल पेटवायला याहून चांगलं काही मिळणार नाही. शेजारी चपलांचं कपाट आणि खाली मीटरच्या पेट्या. पेट्यांसमोर बॅटरीवरची स्कूटर रात्रभर चार्जिंगला. जिना म्हणजे उभं धुराडंच, त्यामुळे खालचा धूर वरच्या मजल्यावर लिफ्टच्या आधी पोचतो. गच्चीच्या दाराला कुलूप घालून किल्ली सेक्रेटरीकडे द्या. सेक्रेटरी पुण्याला मुलाकडे गेले असतील तर फारच उत्तम.

एप्रिलमध्ये कूलर परत खिडकीत गेला, की दोन कूलर आणि इस्त्री एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. एमसीबी पडेल. ती बिचारी भिंतीतली वायर तापू नये म्हणून पडते, पण पारा 45 वर असताना तिचे लाड कोण करणार? 16 अँपिअरची काढून 32 ची बसवा. वायर तीच राहू द्या. यापुढे एमसीबी पडणार नाही. पडायचं काम आता दुसऱ्या कोणाकडे तरी जाईल.

हायड्रंट, म्हणजे इमारतीतला आगीसाठीचा पाण्याचा नळ, ही खरी मौज. लाल पेटी उघडा. आत 15 मीटरच्या दोन होज, म्हणजे नळ्या, आणि त्यांच्या टोकाला लावायचा एक पितळी ब्रांच पाइप असायला हवा. पितळ भंगारात चांगल्या भावाने जातं, त्यामुळे पेटीत बहुधा झाडू सापडेल. होज होळीला टाकी भरायला काढली असेल तर ओलीच गुंडाळून ठेवा, म्हणजे घडीवर कुजून नेमकी तिथेच फाटेल. पाणी सोडण्याआधी ती पूर्ण उलगडायची, दोघांनी धरायची आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा असतो. तुम्ही एकट्याने धरा आणि व्हॉल्व्ह एकदम उघडा. नळी उसळली की पथकातली निम्मी माणसं आपोआप आडवी होतात.

अर्थात पाणी आलं तर. लाइन कुठे गळत असली की दाब उतरतो आणि तो भरून काढायला जॉकी पंप दर थोड्या वेळाने घुर्र करतो. पंपघरावर अध्यक्षांचा फ्लॅट, त्यांची झोप मोडते. यावर गळती काढणं हा खर्चिक उपाय. स्वस्त उपाय असा की पॅनेलवरचा खटका ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’ला फिरवा. आता दाब उतरला तरी जॉकी नाही आणि मोठा पंपही नाही. व्हॉल्व्ह उघडल्यावर पाइपातलं साचलेलं पाणी येईल, मग फुस्स. गच्चीवरच्या फायरच्या टाकीतून घरगुती पाण्याचा पाइप मुद्दाम वरच्या अंगाने काढतात, खालचं पाणी आगीसाठी राहावं म्हणून. मे महिन्यात प्लंबरला बोलावून तो तळाशी घ्या. आंघोळ रोज लागते, आग कधीतरी.

आणि हो, फॉर्म बी. 2006 च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यायचं असतं. एजन्सीचा माणूस आला की चहा पाजा. पंपघराची किल्ली शोधत बसू नका, त्याचाही वेळ जातो.

पथकाच्या नावात रेस्क्यू आहे, म्हणून विहिरीबद्दल दोन शब्द. उन्हाळ्यात गाळ काढायला डिझेलचा पंप विहिरीत खालीच उतरवा. आधी कंदील सोडून बघा. प्राणवायू कमी असेल तर तो विझतो. पण पंपाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, आणि त्यात कंदील मजेत जळत राहतो. तो जळतोय म्हणून पहिला माणूस उतरवा. तो कोसळला की त्याला काढायला दुसरा, दोर न बांधता. मग तिसरा. ‘वरून हवा सोडा, श्वसनयंत्रवाले येईपर्यंत कोणी उतरू नका,’ असं म्हणणारा एखादा निघेलच. त्याला भित्रा म्हणा.

101 ला फोन करायची वेळ आलीच, तर ‘आग लागली, लवकर या’ एवढंच बोलून ठेवून द्या. काय पेटलंय, कितव्या मजल्यावर, आत कोणी अडकलंय का, जवळची खूण कोणती, हे सगळं त्यांनी ओळखायला हवं. कोपऱ्यावर माणूस उभा करू नका. गेटसमोर मांडव असेल तर राहू द्या, दहा दिवसांचाच प्रश्न आहे.

राहिलं उद्घाटन. रविवारी सकाळी नगरसेवकांना बोलवा आणि तर्री-पोह्याची गाडी जिन्याखाली, हायड्रंटच्या पेटीला टेकवून लावा. 19 किलोचा सिलिंडर, पाइपाला चिरा. पाइप पाच वर्षांनी बदलायचा असतो, पण रविवारी दुकान बंद. गॅसचा वास आला तर अंधारात नीट दिसावं म्हणून लाइट लावा. वास जमिनीलगत जास्त येईल, कारण हा गॅस हवेपेक्षा जड. 1906 या गॅसगळतीच्या नंबरवर फोन करू नका, पाहुण्यांसमोर शोभत नाही.

तर्रीचं तेल फार तापून कढईत जाळ झाला, तर गॅस बंद करून वर झाकण ठेवलं की तो विझतो. इतक्या साध्या गोष्टीला पथक कशाला? बादली घ्या. तेलाखाली गेलेल्या पाण्याची वाफ होताना ते सुमारे 1700 पट फुगतं आणि पेटतं तेल वर उडवतं. फोटोग्राफरला तेवढं जरा मागे उभं करा.