'आधी स्वतः शिका' म्हणणाऱ्या अभ्यासू वाचकांस

नमस्कार 'अभ्यासू वाचक',

नाव लिहिलं असतंत तर बरं झालं असतं, पण असो. तुमची प्रतिक्रिया काल रात्री साडेअकराला वाचली आणि खरं सांगतो, एक वाजेपर्यंत झोप नाही आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रूट केलेल्या (म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा मिळवलेल्या) फोनमधली कंपनीने आधीच भरून दिलेली ॲप्स सुरक्षितपणे कशी काढायची यावर मी लिहिलं होतं, त्यावर यांचं म्हणणं असं की अँड्रॉइड १० पासून सिस्टिम पार्टिशनवर (मूळ अँड्रॉइड राहतं त्या मेमरीच्या वेगळ्या भागावर) लिहिताच येत नाही त्यामुळे अर्धा लेख शिळा आहे, हेच काम रूट न करता एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम द्यायच्या साधनाने) होतं, रूट केलं की बँकेची ॲप्स रुसतात हे मी लपवलं, टायटॅनियम बॅकअप या ॲप्स गोठवायच्या ॲपबद्दल चुकीचं लिहिलं, आणि शेवटी हे वाक्य: "आधी स्वतः शिका, मग लोकांना शिकवा."

बाकीचं बघू नंतर. आधी हे शेवटचं.

अहो, मी २०१२ पासून हे उद्योग करतोय. तुम्ही तेव्हा काय करत होतात मला माहीत नाही, विचारतही नाही. माझा पहिला अँड्रॉइड फोन होता त्याची इंटरनल मेमरी जेमतेम दीड-दोनशे एमबी, आणि त्यात कंपनीने शेअर बाजाराचं ॲप, बातम्यांचं ॲप, दोन गेमचे डेमो असलं काय काय कोंबलेलं. व्हॉट्सॲप अपडेट करायचं तर गाणी उडवायची, ही परिस्थिती. मग रूट केला, रूट एक्सप्लोरर (सिस्टिमच्या फाइली उघडणारं ॲप) टाकला, सिस्टिमच्या ॲप फोल्डरात शिरलो आणि एका बसण्यात अकरा ॲप्स उडवली. मोठ्या ऐटीत सेटिंगमध्ये जाऊन बघतो तर मोकळी जागा होती तेवढीच! एक एमबी वाढली नाही. का, तर सिस्टिमचं पार्टिशन वेगळं, आपला डेटा राहतो ते वेगळं. वरच्या मजल्यावरचं कपाट रिकामं केलं म्हणून तळमजल्यावर पलंग मावत नाही. जागा खातात ती त्या ॲप्सची अपडेट्स, कारण ती डेटामध्ये जाऊन बसतात, आणि ती काढायला रूट लागत नाही, 'अनइन्स्टॉल अपडेट्स' दाबलं की झालं. हे मला कोणी शिकवलं नाही, मी अकरा ॲप्स उडवून शिकलो.

आणि त्या अकरात एक होतं 'कॉन्टॅक्ट्स स्टोरेज'. मला वाटलं कॉन्टॅक्ट्सचं ॲप तर आहेच, मग हे डबल कशाला. पण नंबर साठतात ते यातच. फोन चालू केला की "अनफॉर्च्युनेटली" करून एररचा डबा यायचा, ओके दाबायचं, की परत डबा. आईचा नंबर पाठ होता म्हणून बरं, पण डायल करायचं ॲपच उघडेना तर नंबर पाठ असून काय उपयोग. बॅकअप नव्हता. रात्री दोनपर्यंत जागून घरच्या नेटवर पूर्ण रॉम (फोनचं अख्खं सॉफ्टवेअर) उतरवली आणि फोन पहिल्यापासून फ्लॅश केला, म्हणजे ती नव्याने भरली. तेव्हापासून रिकव्हरीत (फोनच्या दुरुस्तीच्या मेनूत) जाऊन नॅन्ड्रॉइड बॅकअप, म्हणजे अख्ख्या फोनची नक्कल, घेतल्याशिवाय मी सिस्टिमला हात लावत नाही आणि तो बॅकअप फोनमध्येच न ठेवता कॉम्प्युटरवर काढून ठेवतो. माझ्या लेखात पहिल्याच परिच्छेदात हे आहे. शिकलो नसतो तर लिहिलं असतं का?

अजून एक सांगतो, कारण "लोकांचे फोन वीट झाले तर" (म्हणजे पार बंद पडले तर) असं तुम्ही मध्येच एक टोमणावजा वाक्य टाकलंय.

तीनेक वर्षांपूर्वी कराडला सासऱ्यांचा फोन साफ करून दिला. फोन आधीचा माझाच, रूट केलेला. ते मराठी टायपिंगसाठी एक वेगळा कीबोर्ड वापरायचे, तर मी म्हटलं कंपनीचा कीबोर्ड हवाय कशाला, तो गोठवला. हो, नुसता गोठवला, म्हणजे जागेवर ठेवून बंद केला, डिलीट नाही केला. सगळं मस्त चाललं. सहा दिवसांनी गावात लाईट गेली, बॅटरी उतरून फोन बंद पडला, आणि परत चालू केला तर पासवर्डच्या स्क्रीनवर कीबोर्डच येईना. नुसती रिकामी चौकट आणि त्यात लुकलुकणारी रेघ. कारण काय, तर अँड्रॉइड ७ पासून फोन सुरू झाल्यावर पहिल्यांदा पासवर्ड टाकेपर्यंत बराचसा डेटा कुलूपबंद असतो, आणि त्या अवस्थेत फक्त तशी सोय असलेलीच ॲप्स चालतात. कंपनीच्या कीबोर्डात ती सोय होती, सासऱ्यांच्या आवडत्या कीबोर्डात नव्हती. म्हणजे कुलूप उघडायला किल्ली पाहिजे आणि किल्ली कुलुपाच्या आत.

मी पुण्याहून गेलो. दारात उभे राहून सासरे म्हणाले, "जावईबापू, तुम्ही हात लावायच्या आधी बरा होता हो फोन." चहासुद्धा नंतर आला. मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याचा वायरचा कीबोर्ड मागून आणला, माझ्याकडची ओटीजी केबल (फोनला कीबोर्ड जोडायची) लावली आणि खटाखट पासवर्ड टाइप केला. उघडला! दोन मिनिटांत कीबोर्ड डिफ्रॉस्ट, काम संपलं. डिलीट केला असता तर आधी तो परत आणा, मग पुढचं.

म्हणून मी लेखात ओरडून ओरडून सांगतोय की आधी गोठवा, मग फोन रीस्टार्ट करा, नुसतं वापरून बघू नका, रीस्टार्ट करा, एक फोन लावून बघा, बँकेचा ओटीपी येतो का बघा, सकाळचा गजर वाजतो का बघा, आठ दिवस जाऊ द्या आणि मग ठरवा. 'मीडिया स्टोरेज' गोठवलं तर फोटो असून गॅलरी रिकामी दिसते, रिंगटोन गायब होतात, आणि लोकांना वाटतं व्हायरस आला. नावावरून ॲप फालतू आहे की नाही हे कळत नाही, एवढाच माझा मुद्दा होता. बरेचदा तर गोठवल्यावर काढायची गरजच उरत नाही, पडलंय तसं पडू दे, ना बॅटरी खातं ना नोटिफिकेशन देतं. यात "शिका" म्हणण्यासारखं काय सापडलं तुम्हाला?

आता बाकीचं भराभर.

अँड्रॉइड १० चं म्हणता, तर हो, नवीन फोनमध्ये सिस्टिम पार्टिशन लिहिण्यासाठी उघडत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणूनच लेखात मॅजिस्क हे रूटचं साधन आहे. ते पार्टिशनला हात न लावता ॲपच्या फोल्डरवर रिकामं फोल्डर पांघरतं, फोनला वाटतं ॲप नाहीच. हे करणारं मॉड्यूल (मॅजिस्कचा जोड-भाग) काढलं की ॲप परत. फोन लोगोवर अडकला तर सेफ मोडमध्ये चालू करा, मॉड्यूल्स बंद होतात. हे सगळं तिसऱ्या भागात आहे, तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल. जुन्या फोनवाल्यांसाठी जुनी पद्धत दिलीय, आणि जुने फोन अजून लोक वापरतात, सगळ्यांकडे दरवर्षी नवा घ्यायला पैसे नसतात.

बँकेच्या ॲप्सचं म्हणाल तर काही चालत नाहीत रूटवर, बरोबर. पण लेखाच्या शीर्षकातच 'रूट केलेल्या फोनमधून' असं आहे. ज्याने आधीच लग्न केलंय त्याला लग्नाचे तोटे सांगून काय करू?

टायटॅनियमचं मात्र मान्य. फ्रीझ फुकटच्या व्हर्जनमध्ये होत नाही, त्यासाठी प्रो घ्यावं लागतं, मी कित्येक वर्षं प्रो वापरत असल्याने डोक्यातून गेलं. चूक माझी. आज सकाळीच दुरुस्त केलंय आणि खाली तुमचे आभारही मानलेत, बघा हवं तर. मी चूक मान्य न करणारा माणूस नाही. पण हेच तुम्ही "दादा, इथे एक चूक झालीय" असं लिहिलं असतं तर चाललं नसतं का? आपल्याकडे कोणी फुकट चार गोष्टी सांगायला बसला की आधी त्याची लायकी काढायची ही काय पद्धत आहे. या लेखाचे मला कोणी पैसे देत नाही, जाहिरातीसुद्धा नाहीत ब्लॉगवर.

राहता राहिलं एडीबी. हो, कॉम्प्युटरला फोन जोडून 'यूजर झिरो'साठी, म्हणजे फोनच्या मुख्य वापरकर्त्यासाठी, ॲप काढता येतं, रूट लागत नाही, मूळ फाइल सिस्टिममध्ये तशीच राहते आणि फॅक्टरी रीसेट केलं की सगळं परत येतं. हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. त्यावर वेगळा लेख लिहायचा माझ्या डोक्यात आधीपासूनच होता, तुमच्या प्रतिक्रियेमुळे नाही. या रविवारी टाकतो. त्यातसुद्धा कीबोर्ड काढू नका हे पहिल्या ओळीत असेल, कारण सासऱ्यांनी अजून त्यांचा नवा फोन माझ्या हातात दिलेला नाही.