एका फिनिश बाईचा कायर्क्रम

शनिवारी फिनलंडमधल्या एस्पोत दिवाळी फराळाला ओळखपरेड झाली, आणि माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही.

उभं राहून नाव, गाव, काम सांगायचं होतं. मी म्हणाले, "मूळची सांगलीची, आता फिनिश आहे. संगणकाची जुनी टर्मिनलं, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड, दुरुस्त करते, आणि हौस म्हणून आयआरसीचा सर्व्हर चालवते."

समोर कोथरूडचे एक काका, मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेले.

"फिनिश? एवढ्यात? अहो, अजून चिवडापण आला नाही!"

हॉल हसला. मीही हसले. नागरिकत्वासाठी भाषेची परीक्षा देताना रडकुंडीला आले होते, त्याचं फळ म्हणजे हा विनोद. सख्ख्या मामाने तो दोनदा केलाय.

"आणि हे आयआरसी काय गं?"

"चॅटची व्यवस्था, काका. १९८८ साली इथेच, उलू विद्यापीठात, यार्को ओइकारिनेन यांनी..."

"म्हणजे दिवसभर चॅटिंग. छान, वेळ जातो. मिस्टर काय करतात?"

"दंतवैद्य आहेत."

"अरेरे. म्हणजे आयटीत नाहीत?" काकांना मनापासून वाईट वाटलं.

फिनिश भाषेत 'तो' आणि 'ती' या दोघांना मिळून एकच सर्वनाम आहे, आणि क्रियापदाला लिंग नाही. त्यामुळे आयआरसीवर मी बाई की बुवा हे वर्षानुवर्षं कुणाला कळलं नाही, कुणी विचारलंही नाही. (फिनिश माणूस तसंही काही विचारत नाही.) मराठीत मात्र "मी कर्नल कंपाइल करते" म्हणायची खोटी. 'करतो'चं 'करते' झालं, की समोरचा मिस्टरांना शोधायला लागतो.

तर काकांचं स्वागताचं भाषण पडद्यावर दाखवायचं होतं. लॅपटॉप माझा, पेन ड्राइव्ह त्यांचा. फाइल उघडली आणि पडदाभर रोमन अक्षरं, अर्धविरामं आणि टिंबं सांडली.

काका थेट माझ्या नवऱ्याकडे गेले. "साहेब, तुमच्या लॅपटॉपला मराठी येत नाही."

"लॅपटॉप तिचा आहे. तिलाच विचारा," नवरा चकली मोडत म्हणाला.

"नम्र आहेत," काका मला म्हणाले. "रिस्टार्ट करायला सांग त्यांना. काय आहे यात, विंडोज?"

"लिनक्स."

"तरीच! फुकटातलं ते."

"काका, ते इथूनच निघालं. १९९१ साली, हेलसिंकीत. लिनुस टोरवाल्ड्स तेव्हा २१ वर्षांचा विद्यार्थी होता."

"असेल. अमेरिकेत गेल्यावर झालं असेल नीट."

यावर काय बोलणार? मी फाइलकडे वळले. रोग जुना होता, आणि गंमत म्हणजे फिनिश लोकांनी तो आपल्याआधी भोगलाय. तेव्हा संगणकात एकेक अक्षर सात बिटांत, म्हणजे सात शून्य-एकांत, बसवायचे; सात बिटांत मावतात १२८ जागा. त्या इंग्रजीने भरून टाकलेल्या. फिनिशला दोन टिंबांचा अ, दोन टिंबांचा ओ आणि डोक्यावर कडं घातलेला अ हवा होता. मग त्यांनी चौकटी कंस, महिरपी कंस, उलटी तिरपी रेघ आणि उभी रेघ यांच्या जागा बळकावल्या. फिनिश टर्मिनलवर सी या प्रोग्रॅमिंग भाषेतला, कंसांनी भरलेला प्रोग्रॅम उघडला की कंसाकंसातून टिंबवाले स्वर डोकावायचे. आयआरसीच्या जुन्या नियमात महिरपी कंस हे चौकटी कंसाचं लहान अक्षर धरलंय, ते यामुळेच: चौकटीच्या जागी टिंबवाला मोठा अ, महिरपीच्या जागी लहान.

आपण तर अख्खी बाराखडी घुसवली. कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये रोमन 'डी'च्या जागी क बसतो, 'के'च्या जागी काना, 'ई'च्या जागी म. फॉन्ट असेपर्यंत 'काम' दिसतं, फॉन्ट गेला की नुसतं डी-के-ई. काकांचा फॉन्ट कोथरूडच्या पीसीत.

फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःची जागा देणाऱ्या व्यवस्थेत, आणणं भाग होतं. त्यासाठी पायथन भाषेत लिहिलेली घरची एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, आहे. नुसती अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. आधी दोन-तीन खुणांची जोडाक्षरं बदलायची, मग सुट्टी अक्षरं; उलट केलंत तर जोडाक्षराचे तुकडे पडतात. त्यानंतर खरी मारामारी. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते. रफार जुन्यात अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. ही उलथापालथ न करता स्क्रिप्ट चालवली की 'आणि'चं 'आिण' होतं, 'वर्गणी'ची 'वगर्णी' आणि 'कार्यक्रम'चा 'कायर्क्रम'. घाईत माझंही तेच झालं. पडद्यावर 'हािदर्क स्वागत' झळकलं.

"अगं, शुद्धलेखन!" काका कळवळले. "मराठी विसरलात गं तुम्ही पोरी इकडे येऊन."

टाइप यांनी केलेलं, फॉन्ट यांचा, आणि मराठी मी विसरले. दातओठ खात वेलांटी पुढच्या व्यंजनापलीकडे नेली, जोडाक्षर असेल तर अख्ख्या जोडाक्षरापलीकडे, कारण 'स्थिती'तली वेलांटी स आणि थ यांच्या मध्ये अडकते. मग रफार मागे ओढला. अकरा मिनिटं लागली. तेवढ्यात काकांनी नवऱ्याला दाढेबद्दल विचारून घेतलं.

भाषण झालं. शेवटी काका माइकवर म्हणाले, "आणि तांत्रिक अडचण तत्परतेने सोडवल्याबद्दल आपल्या डॉक्टरसाहेबांचे आभार." टाळ्या. नवऱ्याने हातातल्या बेसनाच्या लाडवासकट उठून नमस्कार केला.

परतताना मेट्रोत मातिंक्युला ते तापिओला मी एक शब्द बोलले नाही. इथे ते कुणाला खटकत नाही, सगळा डबाच गप्प असतो. तापिओला आल्यावर नवरा म्हणाला, "मग काय, नमस्कार न करता नुसतं बसून राहायचं होतं का?"

काकांनी पेन ड्राइव्ह परत मागितला तेव्हा त्यात फाइल टाकून दिली होती. 'तांत्रिक'मधली वेलांटी तेवढी मी पुढे नेलेली नाही.