गाभोळीचा वाद

गेल्या जूनमध्ये रायगड जिल्ह्यातील आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर वलगणीचा, म्हणजे चढणीच्या माशांचा, वाद पेटला. माझ्या काकीच्या टोपलीचे छायाचित्र कोणीतरी टाकले होते. टोपलीत गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, पोट फुगलेले मासे होते. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यातून भातखाचरांकडे अंडी घालायला चढणारे मासे पकडणे हे पाप आहे, ते कायद्याने थांबवावे, असे पुण्यात स्थायिक झालेल्या एका गाववाल्याने लिहिले आणि पुढे जोडले, ‘परदेशात असला प्रकार कोणी खपवून घेणार नाही.’ मी कॅनडातील क्युबेकमध्ये सतरा वर्षे राहतो आहे आणि जवळजवळ प्रत्येक जानेवारीत नेमका हाच प्रकार करतो, म्हणून ते वाक्य मला अजून सलते.

त्र्वा-रिव्हिएरहून १३८ क्रमांकाच्या रस्त्याने क्युबेक शहराकडे निघाले की वाटेत सेंत-आन-द-ला-पेराद हे गाव लागते. नाताळानंतर तिथली नदी पुरेशी गोठली की तिच्या पाठीवर शेकडो रंगीत खोपटी मांडली जातात आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे एक दुसरे गावच नांदते. बर्फाखालून येतो तो पुलामों, कॉडच्या कुळातला, जेमतेम वीतभर मासा. त्याच्या रक्तातील विशिष्ट प्रथिने त्याला थिजू देत नाहीत. सेंट लॉरेन्स या मोठ्या नदीच्या खाऱ्या मुखाकडून तो एवढ्या थंडीत वर येतो तो अंडी घालण्यासाठीच. त्याची पिल्ले वसंतात बाहेर पडतात आणि वितळत्या पाण्याबरोबर खाली वाहत जातात. १९३८ साली नदीतील बर्फाच्या लाद्या कापताना यूजेन मायो यांना हा मासा दिसला आणि तेव्हापासून गावाचा हिवाळा त्याच्याभोवती फिरतो.

आम्ही सहकुटुंब खोपटे भाड्याने घेतो. आत लाकडाची शेगडी धगधगत असते, भिंतीलगत बर्फात लांबट चर कापलेली असते आणि वरच्या दांडीला ओळीने दोऱ्या टांगलेल्या असतात. गळाला डुकराच्या कलेजीचा तुकडा लावायचा, दोरी थरथरली की ओढायची आणि मासा दाराबाहेर टाकायचा, की थोड्याच वेळात तो लाकडासारखा कडक होतो. घरी पीठ लावून लोण्यात तळताना त्याच्या पोटातील गाभोळी मी वेगळी काढतो आणि हळद-तिखट लावून परततो. तिची चव मला थेट आजीच्या चुलीपाशी नेते.

तिकडे माशांची पाहणी होते, हंगामाला शिस्त असते, हे कबूल केलेच पाहिजे. आमच्याकडेही वलगणीच्या माशांपैकी काही सोडून द्यावेत, असा नियम गावाने खुशाल करावा. परंतु बत्ती, कोयती आणि टोपली घेऊन पावसात उभ्या राहणाऱ्या बाईला परदेशाच्या नावाने लाजवू नये. पेरादमध्ये आजही पुलामोंला नदीची वाट मोकळी आहे; आमच्या मरळीला आणि शिंगाळ्याला ती कुठे उरली आहे? ओढ्यांवर सिमेंटचे बांध आले, खाचरे मातीच्या भरावाखाली गेली, ज्या उथळ पाण्यात अंडी घालायची तिथे फार्महाउसांची हिरवळ आली. मासा संपण्याचे कारण टोपलीत शोधणारा माणूस भरावाबद्दल एक अक्षर लिहीत नाही, याचाच मला सर्वांत जास्त राग आला.

हे सारे मी त्या गटावर लिहायला घेतले होते आणि भरावाच्या वाक्यापाशी थांबलो. ओढ्याकाठचे आमचे खाचर नऊ वर्षांपूर्वी विकले गेले तेव्हा वारस म्हणून संमतीची सही मीही केली होती. त्या पैशांचा मोठा भाग इथल्या घराच्या कर्जात गेला. माझ्या मुलाला पुलामोंचा हंगाम तोंडपाठ आहे. वलगण हा शब्द त्याने माझ्याकडून ऐकला आहे, पण मासे चढताना त्याने कधी पाहिले नाहीत, आणि ज्या बांधावरून मी ते पाहिले तो बांध आता त्याला दाखवता येणार नाही.

काकीला फोन केला तेव्हा इतके मासे कुठे मिळाले, असे मी विचारले. ती म्हणाली, ‘आपल्या खाचराला त्यांनी भिंत घातलीय ना, तिथपर्यंत आले आणि अडकले. हातानेच भरले रे.’ गटावरील माझा मजकूर अजून तसाच अर्धा पडून आहे.